जत्रेतला जुना ट्रक

घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगडी पाया, चार भिंती, उंबरा आणि अंगणातली तुळस उभी राहते. घराने एका जागी स्थिर राहावे आणि दिवसभर बाहेर हिंडून आलेल्या माणसाने सायंकाळी त्याच्याकडे परतावे, अशी जगाची रीत आहे. परंतु महाराष्ट्रात असेही काही लोक होते, की त्यांचे घरच त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडत असे. ते घर म्हणजे एक जुना ट्रक, आणि ते लोक म्हणजे तंबूतल्या फिरत्या सिनेमाचे मालक आणि त्यांचे कामगार.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत झळकला. पुढे शहरांत चित्रपटगृहे उभी राहिली. खेड्यात ती कोण बांधणार? वर्षातून एकदा जत्रा भरे आणि त्या चार-पाच दिवसांतच गावाच्या हाती पैसा खुळखुळे. एवढ्याशा दिवसांसाठी विटांची इमारत परवडण्यासारखी नव्हती. प्रेक्षक चित्रपटाकडे जाऊ शकत नव्हते. म्हणून चित्रपटच त्यांच्याकडे निघाला.

त्यासाठी ट्रक हवा. नवा ट्रक घेण्याची ऐपत थोड्यांचीच. मग वर्षानुवर्षे माल वाहून थकलेला आणि पहिल्या धन्याने विकावयास काढलेला ट्रक शोधला जाई. घेणारा जाणता असेल तर तो रंगाला भुलत नसे. तो खाली वाकून सांगाडा पाही, पाटे तपाशी आणि हौद्याच्या फळ्यांवर टाच आपटून आवाज ऐके. त्याला वेगाची घाई नव्हती. ओझे पेलणारी मजबूत पाठ हवी होती.

सौदा झाला, की त्या ट्रकचा दुसरा जन्म होई. हौद्यावर लाकडाची व पत्र्याची खोली चढे. प्रकाशाचा झोत बाहेर पडावा म्हणून तिच्या भिंतीला एक चौकोनी झरोका ठेवीत. आत प्रक्षेपक यंत्र पक्के बसवले जाई. उरलेल्या जागेत फितींचे डबे, तंबूचे कापड, खांब, दोर, कर्णे, स्टोव्ह आणि भांडी. गावी पोहोचून तंबू उभा राहिला, की आतली अडगळ कमी होई आणि माणसांना अंग टाकण्यापुरती जागा मिळे. त्या घरात मानाचे स्थान यंत्राचे. पहिल्या खेळापूर्वी त्याला हळदकुंकू वाहून उदबत्ती ओवाळीत. आणि अवकाळी पाऊस आलाच, तर माणसे भिजत, पण फितींचे डबे कोरडे राहत.

पावसाळा सरला की प्रवास सुरू होई. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात पालच्या खंडोबाची, चैत्रात गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रा! घाटात इंजिन रुसले, तर सगळ्यांनी उतरून घराला खांदा द्यावयाचा. परंतु या माणसांचे आणखी एक घर मागे राहिलेले असे. दिवाळीनंतर निघालेला बाप मृगाच्या तोंडावर परते. तोवर मुलाची परीक्षा होऊन निकालही लागलेला असे. हजारो मुलांना रोज रात्री हसविणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या मुलाचे हसू सात-सात महिने ऐकू येत नसे.

रात्री खेळाची वेळ होई. तंबूत माणसे जमिनीवरच बसत; एका बाजूस पुरुष, दुसऱ्या बाजूस बायका व मुले. इकडे ट्रकमध्ये कार्बनच्या दोन कांड्यांची टोके जवळ आणली जात आणि त्यांच्यामध्ये डोळे दिपविणारा प्रकाश पेटे. त्याच्यासमोरून फीत धावे. एका सेकंदाला २४ चित्रे! अडीच तासांच्या चित्रपटाची फीत सुमारे ४ किलोमीटर लांब भरते आणि तिच्यात दोन लाखांहून अधिक चित्रे असतात. एवढी फीत त्या कोंदट खोलीतून रोज अनेकदा जात असे. यंत्र चालविणाऱ्याच्या अंगातून घामाच्या धारा वाहत. चित्रपट त्याला तोंडपाठ असे. त्याचे डोळे फितीवर आणि कान बाहेरच्या हशाकडे लागलेले असत. हशा ऐकू आला, की उद्याच्या डिझेलची चिंता मिटे.

पण काळ थांबत नाही. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढील काळात दूरचित्रवाणी खेड्यापाड्यांतील घरांत जाऊन बसली. तंबूने हाही धक्का सोसला. त्यानंतर फीतच नाहीशी होऊ लागली. २०१० नंतर थोड्याच वर्षांत नवे चित्रपट संगणकीय रूपात येऊ लागले आणि जुन्या यंत्राला खाद्य मिळेनासे झाले. ज्याला रोज उदबत्ती ओवाळली, ते यंत्र मोडीत द्यावे काय? की कर्ज काढून त्याच्या जागी नवे बसवावे? कोणी काळजावर दगड ठेवून यंत्र भंगाराच्या तराजूत घातले. कोणी त्याच जुन्या ट्रकात नवे यंत्र बसवून पुन्हा जत्रेची वाट धरली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ही ताटातूट ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपली असून, तो २०१६ साली फ्रान्समधील कान येथील महोत्सवात दाखविला गेला.

आज असे ट्रक फार थोडे उरले आहेत. त्या खोलीत पाय पुरते पसरता येत नसत, पावसात छत गळे, उन्हात पत्रा तापे. तरीही माणसे तिला सोडावयास सहजासहजी तयार झाली नाहीत. कारण त्या एका झरोक्यापुढे सारे गाव येऊन बसत असे. जत्रा उठली की माळावर तंबूच्या मेखांची भोके तेवढी उरत. ट्रक हलू लागे, आणि धुळीतून वेशीपर्यंत धावत जाऊन मुले ओरडत, “पुढच्या वर्षी या हं!”