आप्पांची पायरी, आईची खुर्ची

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारू? क्रिकेटचा मोठा सामना मैदानावर जाऊन पाहिलाय, अशा तुमच्यापैकी किती जणी आहेत? आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मी सहज विचारलं, तर एकही होय म्हणेना. माझंही तेच. घरात सामना लागला की आपलं काम ठरलेलं! चहाची आधणं ठेवायची, कांदाभजी तळायची आणि आतून विचारायचं, "अहो, कोण आउट झालं?"

मी राहते शिरूरला. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. आमच्या गावात एसटी आहे, नदी आहे, बाजार आहे; नाही ती फक्त रेल्वे. माहेर मात्र दौंडचं, म्हणजे सगळी रेल्वेच. आमचे आप्पा रेल्वेतच नोकरीला होते. घरातलं घड्याळ बंद पडलं तरी कुणाचं अडत नसे, गाड्यांच्या शिट्ट्यांवर वेळ कळे. तरुणपणी आप्पा रेल्वेच्या मैदानावर फुटबॉल खेळत. पण जीव क्रिकेटवर! त्यांची एक गोष्ट आम्ही भावंडांनी शंभरदा तरी ऐकली असेल. जानेवारी १९७५. नव्या वानखेडे स्टेडियमवरचा पहिला कसोटी सामना.

त्या स्टेडियमची जन्मकथाच मुळी जागेच्या भांडणाची. तोवर मुंबईतले कसोटी सामने ब्रेबॉर्न स्टेडियमवर होत. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. बॉम्बे क्रिकेट असोसिएशनच्या वाट्याला किती जागा द्यायच्या यावरून दोघांत वाद पेटला. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हट्टाला पेटले आणि ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर, चर्चगेटच्या रुळांलगत, तेरा महिन्यांत दुसरं स्टेडियम उभं राहिलं. वास्तुरचनाकार होते शशी प्रभू. तिथे पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसं मावत.

आप्पा पास काढून रात्रीच्या गाडीनं गेले. तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आईनं पहाटे लागतील म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. आप्पा सिमेंटच्या पायरीवर दाटीवाटीनं बसले. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ धावा कुटल्या. त्याचं अभिनंदन करायला एक प्रेक्षक मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बडवलं आणि लोक खवळले. खेळ थांबला. आपल्याकडून एकनाथ सोलकरनं १०२ काढल्या. सामना आपण हरलो. पण आप्पांच्या गोष्टीत हार कधी येतच नसे. "शेजारी गिरणीकामगार, पलीकडे वकील. माझ्या दशम्या दोघांनी खाल्ल्या," इथे गोष्ट संपे.

आणि आई? ती कधीच गेली नाही. "का गं?" म्हटलं की म्हणे, "बाईमाणसानं दिवसभर जायचं कुठे? पाणीसुद्धा प्यायची चोरी." तिचा सामना आपला रेडिओवर.

पुढे २०११ च्या विश्वचषकासाठी स्टेडियमची पुनर्बांधणी झाली. २००८ पासून काम चाललं. दोन्ही टोकांचे जुने स्टँड पाडून नवे बांधले, वर छत आलं, पायऱ्यांऐवजी नंबर घातलेल्या खुर्च्या आल्या. मोठं झालं म्हणावं, तर जागा मात्र घटल्या. पंचेचाळीस हजारांच्या झाल्या तेहतीस हजार. २ एप्रिल २०११ ला आपण तिथे विश्वचषक जिंकलो तेव्हा क्लब, पाहुणे आणि संघटनांचे वाटे वजा जाता सर्वसामान्यांना विकायला चार हजारांच्या आसपासच तिकिटं उरली होती. आप्पांनी तो सामना दौंडला टीव्हीवर पाहिला. धोनीनं षटकार मारला तेव्हा सगळी गल्ली नाचली. आप्पा एवढंच म्हणाले, "माझी पायरी गेली."

ते वाक्य माझ्या मनात राहिलं. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये त्याच मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या महिलांचा कसोटी सामना आहे असं वाचलं आणि मी ठरवलं की आप्पांना न्यायचं. आईलाही! "मी येऊन काय करू?" झालं, "गुडघे दुखतात" झालं. शेवटी लेकीनं आजीला गळ घातली आणि आजीबाई तयार झाल्या. आमचे हे म्हणाले, "घर मी सांभाळतो, तुम्ही जा." (हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतेय!)

शनिवारी एसटीनं दौंड, रात्री तिथून गाडी, पहाटे व्हीटी. रविवार, २४ डिसेंबर. सामन्याचा चौथा दिवस. आत शिरायला वशिला लागला नाही की ओळख. पिशवी तेवढी आत नेता येत नव्हती, त्यामुळे दशम्या आम्ही बाहेरच फुटपाथवर संपवल्या.

आत गेल्यावर आप्पा बराच वेळ उभेच. एका बाजूला बोट दाखवत, मग दुसऱ्या. "इथे होती... नाही, तिकडे असेल." रुळांवरून लोकल धडधडत गेली तशी त्यांनी मान वळवली. "हा आवाज मात्र तोच आहे," म्हणाले आणि खाली बसले. शेजारची खुर्ची रिकामी होती. दशम्या वाटून घ्यायला कुणी नव्हतं.

आणि आई? ती खुर्चीत टेकली, पाठ टेकवली, हातांवर हात फिरवला. तासाभरानं नातीला घेऊन उठली, ती दहा मिनिटांत परत. माझ्या कानाशी लागली, "अगं, स्वच्छ आहे. पाणी पण आहे." एवढंच. मग तिनं न मागता पाण्याचे दोन पेले रिचवले. एकाच स्टेडियममध्ये माझ्या एका बाजूला हरवलेली पायरी होती, दुसऱ्या बाजूला पहिल्यांदाच मिळालेली खुर्ची. कुणाची बाजू घ्यावी?

जगभर हेच चाललंय. इंग्लंडमध्ये हिल्सबरो इथे १९८९ साली फुटबॉलच्या सामन्यात उभ्या प्रेक्षकांची चेंगराचेंगरी होऊन ९७ जीव गेले. त्यानंतर तिथल्या मोठ्या मैदानांवर सगळ्यांना खुर्च्या सक्तीच्या झाल्या. ब्राझीलच्या माराकाना मैदानावर १९५० साली पावणेदोन लाख लोकांनी एक सामना पाहिला होता. आज तिथे अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास बसतात. कडेला उभं राहून पाहायची सगळ्यात स्वस्त जागा २००५ साली बंद झाली. आपल्या अहमदाबादचं उलट. तिथलं स्टेडियम २०२० मध्ये एक लाख बत्तीस हजारांचं झालं. पण आकडा वाढला काय किंवा घटला काय, पायरीवरच्या माणसाला परवडेल अशी जागा किती, हे त्यावरून कळत नाही. खुर्ची हवीच. चेंगरून मरण्यात कसली आलीय मजा? पण खुर्चीच्या नावाखाली गिरणीकामगार आणि रेल्वेवाला बाहेर राहू नये, एवढंच.

त्या दिवशी सकाळी ऑस्ट्रेलियाचे उरलेले पाच गडी अठ्ठावीस धावांत गेले. जिंकायला ७५ हव्या होत्या. आपल्या सांगलीची स्मृती मानधना ३८ धावांवर नाबाद राहिली आणि दुपारीच आपण आठ गडी राखून जिंकलो. महिलांच्या कसोटीत ऑस्ट्रेलियावर पहिलावहिला विजय! लेक खुर्चीवर उभी राहून ओरडत होती. मी तिला खाली बस म्हणणार, तोच आईच उभी राहिली. गुडघ्यांसकट!

मैत्रिणींनो, महिलांचे सामने असले की नक्की जा. टोपी, औषधं आणि सुटे पैसे जवळ ठेवा, पिशवीचा नियम आधी विचारून घ्या, उन्हाची बाजू टाळा. आणि सोबत आईला न्या, सासूबाईंना न्या. जागा रिकाम्या दिसल्या, तर बायकांना आवडच नाही असं म्हणायला लोक मोकळे!

परतीच्या गाडीत आप्पा गप्प होते. पुणे सुटल्यावर आईनंच विषय काढला. "पुढच्या खेपेला दशम्या जरा जास्त करीन. बाहेर उभं राहून खाऊ, पण चार जणांना देता येतील."

आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चटणी विसरू नकोस."