विहिरीपलीकडचे घर

वसईच्या आमच्या धर्मग्रामात आम्ही उभयता गेली अकरा वर्षे दर रविवारी, सकाळच्या मिस्साबलिदानानंतर, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेत आहोत. वर्ग प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीचा. मुले आठ-नऊ वर्षांची. इतक्या लहान मुलांना वेदीपाशी आणले ते पोप दहावे पायस यांनी. १९१० पूर्वी अनेक ठिकाणी मुलांना दहा-बारा, क्वचित चौदा वर्षांचे होईपर्यंत थांबावे लागत असे. साधारण सातव्या वर्षी मुलाला समज येते, साधी भाकर आणि हा प्रसाद यांतील भेद त्याला कळू लागला की पुरे, असे त्यांनी ठरवून दिले. मुलांना किती कळते याबाबत पोपमहोदयांचा अंदाज आमच्यापेक्षा अचूक होता, हे आम्हांला गेल्या उपवासकाळात उमगले.

प्रथम पापनिवेदनापूर्वीचा तो पाठ होता. मत्तयच्या पाचव्या अध्यायातील प्रसंग आम्ही फळ्यावर चित्र काढून शिकवतो : हातात अर्पण, समोर वेदी, आणि मध्येच आठवण झाली म्हणून पाठमोरा चालू लागलेला माणूस. आधी भावाशी समेट, मग अर्पण. मुलांनी चित्र वहीत उतरवून घेतले. प्रश्न विचारले, उत्तरे आली. प्रश्नोत्तरांची ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स यांची ‘दोत्रिना क्रिस्तां’ १६२२ साली, त्यांच्या निधनानंतर, रायतूरला छापली गेली, तीही प्रश्नोत्तरांचीच. पाठांतराला आमचा विरोध नाही. पण प्रश्न आपला आणि उत्तरही आपलेच, यात शिक्षकाची मोठी सोय असते.

त्या वर्षी आमची धाकटी त्याच वर्गात होती. वर्गात ती काही बोलली नाही. रात्री जपमाळ संपली, दिवा मालवण्यापूर्वी तिने विचारले, “बाबा, काकांचं आपल्याविरुद्ध काही आहे का?”

आमची वाडी आजोबांच्या वेळची. विहीर सामाईक. विहिरीच्या अलीकडे आमचे घर, पलीकडे थोरल्या बंधूंचे. २००९ साली वडील गेले, त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते. पुढच्याच उन्हाळ्यात पाणी खाली गेले आणि पंप कोणी किती वाजता लावायचा यावरून बोलाचाली झाली. आमची केळी वाळली. हे सर्व आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला अनेकदा सांगितले आहे. तारखा, तास, घडांची नासाडी, सगळे आम्हांला तोंडपाठ आहे.

पण धाकटीने ते विचारले नव्हते. सुवार्तेतील तो माणूस भावावर रागावलेला नाही. त्याच्या भावाच्या मनात त्याच्याविषयी काही आहे. चूक कोणाची, हे तेथे सांगितलेलेच नाही. अकरा वर्षे हा पाठ शिकवून हा फरक आमच्या नजरेतून निसटला होता.

भावाच्या मनात काय होते, ते आम्हांला ठाऊक होते. त्या भांडणात, चार शेजाऱ्यांदेखत, “बाबांच्या आजारपणात यांनी एक रुपया काढला नाही,” असे आम्ही म्हटले होते. रुपयांपुरते ते खरे होते. इस्पितळातल्या रात्री मात्र त्यांनीच जागवल्या होत्या, आणि ते आम्ही शेजाऱ्यांना सांगितले नव्हते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आणि आईवडिलांना मुलांचे पहिले प्रबोधक. पालकसभेत हे वाक्य आम्हीच ऐकवतो. त्या रात्री मुले झोपल्यावर या घरगुती ख्रिस्तसभेत कडाक्याचे भांडण झाले. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, “जाऊ, पण पंपाचे आधी मिटू दे.” दुसरीचे म्हणणे, “मग पोरीला उद्या काय सांगणार?” जायचे ठरल्यावरही सोहळ्याची निमंत्रणपत्रिका सोबत न्यावी की नाही, यावर तासभर गेला. शेवटी पत्रिका घरीच ठेवली. ती हातात असती तर आम्ही बोलावणे करायला आलो असेच झाले असते.

बुधवारी संध्याकाळी गेलो. विहिरीचा काठ ओलांडायला बारा पावले लागतात. दादा ओट्यावर होते. इस्पितळातल्या रात्रींविषयी जे बोलायचे ते बोललो. वाक्य पाठ करून गेलो होतो, तरी अर्धवटच झाले. दादांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, “पंप सकाळी सहा ते आठ माझाच राहील.” वहिनींनी चहा आणला. धाकटीने बशीत ओतून प्यायला.

हल्ली या सोहळ्याचे हॉल, केक, व्हिडिओ पाहिले की तो लग्नाची रंगीत तालीमच वाटतो. आम्हीही दोनशे माणसे बोलावलीच होती, तेव्हा बोलण्याचा अधिकार थोडा. दादा-वहिनी चर्चमध्ये आले, मागच्या बाकावर बसले. जेवायला थांबले नाहीत. संध्याकाळी धाकटी पांढऱ्या पोशाखातच झाकलेले ताट घेऊन विहिरीपलीकडे गेली.

ताट दुसऱ्या दिवशी परत आले. त्यात वाडीतली भेंडी होती. पंपाचे अजून मिटलेले नाही.