सोमवारपासून नक्की

प्रिय तू,

बर्फातला फोटो मिळाला. कानटोपीत तू थेट आपल्या मेसच्या मावशींसारखी दिसतेस, हे आधी सांगून टाकते. आणि खाली काय लिहिलंयस, ‘सोमवारपासून साखर बंद’! अगं बाई, वाटीतला तिसरा गुलाबजाम संपवता संपवता तू हेच म्हणायचीस. देश बदलला, आडनाव बदललं, सोमवार मात्र तोच.

पण तुला सांगते, तुझ्या सोमवारालाही शास्त्राचा आधार आहे. भाची सध्या आमच्याकडे राहून मानसशास्त्रात एम. ए. करतेय. परीक्षा तिची आणि पुस्तकं वाचतेय मी. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सिगारेट सोडू पाहणाऱ्यांचा अभ्यास करून मांडलं, की माणूस टप्प्याटप्प्याने बदलतो. आधी त्याच्या डोक्यात तो विचारच नसतो, मग नुसता विचार असतो, मग तयारी, मग कृती, आणि शेवटी ते टिकवणं. तू गेली कित्येक वर्षं दुसऱ्या टप्प्यावर बिऱ्हाड करून आहेस. लगेच खूश होऊ नकोस. रॉबर्ट वेस्ट नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने २००५ साली, हे टप्पे आता कायमचे निजवा, असं चक्क लिहिलं. पुढच्याच वर्षी त्याने दाखवलं, की सिगारेट सोडायचे जवळजवळ निम्मे प्रयत्न आधी काहीही न ठरवता, अचानक झालेले असतात. म्हणजे सोमवारची वाट बघायचं तसं कारण नाही, गुरुवारही चालतो.

इकडची खबर म्हणजे यांची शुगर वाढली. डॉक्टरांनी डोळे, किडन्या, पाय, एकेक अवयव घेऊन यांना असं घाबरवलं, की रिक्षात चकार शब्द नाही. घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “फ्रिजमध्ये श्रीखंड उरलंय ना?” मी कपाळावर हात मारला, तर भाची पुस्तक घेऊन आलीच. “मावशी, भीतीचं हे असंच असतं.”

हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठात एक प्रयोग केला, १९६५ साली तो छापून आला. शेवटच्या वर्षाच्या मुलांना धनुर्वाताची माहितीपत्रकं वाचायला दिली. काहींना अंगावर काटा येईल अशी, काहींना जरा सौम्य. जास्त घाबरलेली मुलं म्हणाली, लस तर घ्यायलाच हवी. प्रत्यक्षात गेली किती? शंभरात तीन! मात्र ज्यांना त्याबरोबर दवाखान्याचा नकाशा दिला आणि आपलं वेळापत्रक बघून कधी जाणार ते ठरवायला सांगितलं, त्यांच्यातली अठ्ठावीस टक्के गेली. त्यांच्यात फार घाबरलेली आणि थोडी घाबरलेली असा फरकही राहिला नाही. आणि गंमत बघ, शेवटच्या वर्षाच्या मुलांना दवाखाना कुठे आहे हे का ठाऊक नसेल? मला यातलं हेच फार आवडलं. आपण एकमेकांना सतत माहिती देत बसतो, आणि माहिती तर बहुतेकांकडे असतेच.

म्हणून आम्ही यांना ‘रोज चाला’ म्हणणं सोडलं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचा मंत्र घेतला: अमुक झालं की तमुक करायचं, एवढंच ठरवायचं. चारचा चहा झाला की बूट घालायचे. शास्त्राला तोड नाही हं! चहा झाला, यांनी बूट घातले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि कट्ट्यावर तासभर गप्पा मारून आले. भाची म्हणते, योजनेत कट्ट्याच्या पुढचं लिहायचं राहिलं.

आमच्या घरातल्या अण्णांची तर वेगळीच तऱ्हा. तंबाखूच्या पुडीचा पंच्याऐंशी टक्के भाग २०१६ पासून त्या भयानक चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असतो. अण्णा पुडी आणतात, डोळे मिटल्यासारखे करून तंबाखू आपल्या दोन तोंडांच्या डबीत भरतात आणि पुडी लगेच केराच्या टोपलीत. सरकारने एवढं चित्र छापलं, ते आमच्या घरात फक्त मला दिसतं. “तुम्हाला काही झालं तर?” म्हटलं की त्यांचे काका ठरलेले, नव्वदीपर्यंत तंबाखू खाऊन ठणठणीत. अमेरिकेत १९५०च्या दशकात क्षयासाठी फुकट एक्स-रे काढून मिळत असूनही लोक फिरकत नव्हते, तेव्हा हॉकबॉम, रोझेनस्टॉक या मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न धरला होता. हे मला होऊ शकतं, असं माणसाला मुळात वाटतं का? झालं तर ते किती गंभीर असेल, उपायाने काय मिळेल आणि त्यापायी त्रास किती, हा हिशोब प्रत्येकजण मनातल्या मनात करत असतो म्हणे. अण्णांच्या हिशोबात काकांचं पारडं कायम जड.

पण मला सगळ्यांत भावली ती उदयपूरकडची डाळ. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर तिथल्या खेड्यांत मुलांच्या लसीकरणावर काम केलं. नेहमीच्या व्यवस्थेत सगळ्या लसी पूर्ण झालेली मुलं सहा टक्के. दर महिन्याला ठरल्या दिवशी, हमखास होणारं शिबिर सुरू केलं, तर अठरा टक्के. आणि शिबिरात प्रत्येक लशीमागे आईच्या हातात किलोभर डाळ आणि सगळ्या लसी झाल्यावर स्टीलच्या थाळ्या दिल्या, तर एकोणचाळीस! लाच म्हणून नाकं मुरडणारे असतीलच. मला मात्र ती आई दिसते. लस वाईट असं तिला वाटत नसेलही, पण मूल आज तर छान खेळतंय, आणि आजची मजुरी बुडली तर ती आजच बुडते. डाळ कशी, आजच घरी येते. शिवाय एकेका मुलामागचा खर्च डाळीमुळे निम्म्यावर आला, कारण शिबिरातली नर्स रिकामी बसेना. हे वाचून मी यांच्या चालण्यावर काय बक्षीस लावावं याचा विचार करतेय. श्रीखंड सोडून सुचव.

बाकी घराचं रंगकाम काढलंय, पावसाने भिंत पुन्हा फुगलीये, आणि धाकटीने केस कापलेत, बघशील तेव्हा ओरडू नकोस.

हो, आणि एक काम. अण्णांनी परवा हळूच विचारलं, तू येताना ते निकोटिनचं च्युइंगगम आणशील का म्हणून. कुणासाठी विचारलं, तर “एका मित्राला हवंय.” अगं, इथल्या औषधाच्या दुकानातही मिळतं, पण तो दुकानदार ओळखीचा ना! तेव्हा दोन पाकिटं आण, आणि आल्यावर माझ्यासमोर देऊ नकोस.

तुझीच,
मी