नाव क्रमाचे आणि नाव वस्तूचे

बडनेरा जंक्शनवर गाडी लागली की जाणता प्रवासी इंजिनापासून डबे मोजत बसत नाही, डब्यावरची अक्षरे वाचतो. गाडीची दिशा बदलली की डब्यांचा क्रम उलटतो. पाटी मात्र डब्यासोबतच राहते. महाविद्यालयातील पोथ्यांच्या सूचीसाठी डेटाबेस सर्व्हरची मांडणी करताना आम्हांस नेमका हाच भेद भेटला.

लिनक्स प्रणालीत डिस्कांना 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावे मिळतात, ती त्या सापडतील त्या क्रमाने. यंत्र पुन्हा सुरू झाले की कालची 'बी' आज 'सी' होऊ शकते. म्हणून कोणता विभाग कोणत्या फोल्डरवर माउंट करायचा, हे 'एफएसटॅब' फाइलीत नोंदवताना विभागात साठवलेले लेबल किंवा ३६ चिन्हांचा यूयूआयडी लिहावा. यूयूआयडी यंत्रासाठी, लेबल माणसासाठी.

लेबलाची जागा मात्र तोकडी. 'ईएक्सटी४' पद्धतीत १६ बाइट, 'एक्सएफएस'मध्ये १२. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी यांचीही स्वतंत्र गणना होते. 'पोथी' हा शब्द १२ बाइटांत दोन्हीकडे बसतो. 'बडनेरा' लिहायला १८ लागतात. रोमन लिपीत तेच नाव ७ बाइटांत मावते. आमच्या गावाला स्वतःच्या लिपीत पाटी लावता येत नाही, ती दोन बाइटांसाठी!

डिस्कची हुबेहूब प्रत केली, तर लेबल आणि यूयूआयडी दोन्ही प्रतीत उतरतात. 'लीळाचरित्रा'चे भिन्न पाठ हाताळलेल्यांना एकाच नावाच्या दोन प्रतींचा पेच नवा नाही. तिथे निवाडा अभ्यासक करतो. यंत्राकडे तो विवेक नाही. प्रतीला वेगळी ओळख द्यावीच लागते.

याहून मोठा धोका मुका आहे. डिस्क माउंट झाली नाही, तरी तिच्यासाठी राखलेले फोल्डर जागेवर असते, फक्त रिकामे. सुरुवातीची आज्ञावली बेसावध असेल तर तिथेच नवा, कोरा डेटाबेस उभा राहतो आणि नव्या नोंदी भलत्याच जागी साठू लागतात. त्यासाठी पोस्टग्रेएसक्यूएलची अधिकृत मार्गदर्शिका सांगते की माहिती थेट माउंटच्या जागी ठेवू नये. त्याच्या आत वेगळे फोल्डर करून त्यात ठेवावी. डिस्क नसली की ते आतले फोल्डरही नसते आणि डेटाबेस सुरू होण्यास उघड नकार देतो.

पाठचिकित्सेत आपण हेच शिकवतो. गळलेल्या ओळीची जागा कोरी सोडणारा लेखनिक पोथीवर उपकार करतो. ती जागा गुपचूप भरून काढणाऱ्याचा दोष मात्र पुढच्या प्रत्येक प्रतीत उतरतो, आणि कुणाला दिसतही नाही.