बांगडे नावाचा डबा



मालवण किनाऱ्यावरच्या एका मराठी शाळेत मी आठवीच्या मुलांना जावास्क्रिप्टची ओळख करून देते. पहिल्याच तासाला माझ्याकडून एक चूक झाली. ती आधी सांगते.

फळ्यावर मी लिहिलं: लेट एक्स = १२;

(इथे सगळं देवनागरीत लिहितेय. प्रत्यक्षात लेट, कॉन्स्ट हे शब्द रोमन अक्षरांत आणि आकडे इंग्रजीत टाइप करायचे.) लेट म्हणजे 'एक डबा मांड'. एक्स हे डब्याचं नाव. बरोबरचं चिन्ह म्हणजे 'उजवीकडचं डावीकडच्या डब्यात टाक'. गणितातलं 'बरोबर' हे नव्हे. दोन गोष्टी सारख्या आहेत का हे विचारायचं तर ओळीने तीन चिन्हं द्यायची. शेवटचा अर्धविराम आपल्या पूर्णविरामासारखा. विसरलात तरी बहुतेक वेळा चालतं, पण सवय लावलेली बरी.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने एक्सच्या जागी मराठीत 'बांगडे' टाइप केलं. तिची आई बाजारात मासे विकते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, कॉम्प्युटरला मराठी कळत नाही, पुसून टाक ते." तिने पुसायच्या आधी एंटर दाबलं. मग नुसतं 'बांगडे' लिहून पुन्हा एंटर. खाली १२ उमटलं.

"बाई, चालला बघा!"

वर्ग हसला, मी वरमले. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये असताना ही भाषा दहा दिवसांत उभी केली, हे मला पाठ होतं. पण तिच्यात डब्यांना देवनागरी नावं देता येतात, हे मी कधी करूनच पाहिलं नव्हतं. लेट, कॉन्स्ट, इफ असे राखीव शब्द भाषेचे. डब्यांची नावं मात्र आपली. मी मुलीची माफी मागितली आणि त्या दिवसापासून फळ्यावरचा एक्स गेला. बांगडे, पेडवे, सुंगटा आली.

नावाचे नियम थोडेच आहेत. मधे मोकळी जागा चालत नाही, म्हणून 'एकूण_विक्री' असं खाली रेघ देऊन जोडायचं. नावाची सुरुवात आकड्याने होत नाही. आणि मराठीच्या शिक्षकांनी खूश व्हावं अशी गोष्ट म्हणजे शुद्धलेखन! एका मुलाने वर 'विक्री' लिहिलं आणि खाली 'विक्रि'. यंत्राने सरळ सांगितलं, असं नाव इथे नाहीच. माझ्या लाल पेनाने इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते त्या एका लाल ओळीने केलं.

आकडे मात्र मराठी चालत नाहीत. त्याच मुलीने मराठी कीबोर्डवरूनच १२ टाइप केलं, तर चुकीचा संदेश आला. या वेळी मी काही बोलले नाही, तिचं तिनेच शोधलं.

पुढच्या आठवड्यात तिने आईसाठी हिशेब लिहून आणला. सकाळची विक्री विचारायची, संध्याकाळची विचारायची, दोन्हींची बेरीज दाखवायची. तिने ३५० आणि २०० भरले. उत्तर आलं ३५०२००.

"आईक आज साडेतीन लाख गावले!"

झालं असं की प्रॉम्प्टने विचारलेलं उत्तर आकडा म्हणून येत नाही, अक्षरांची माळ म्हणून येतं. माळांमध्ये अधिकचं चिन्ह घातलं की त्या एकापुढे एक जोडल्या जातात. गंमत म्हणजे वजाबाकी किंवा गुणाकार केला असता तर उत्तर बरोबर आलं असतं, कारण तिथे जावास्क्रिप्ट स्वतःच आकडा करून घेते. बेरजेआधी दोन्ही उत्तरं 'नंबर' या फंक्शनच्या कंसात घातली आणि ५५० आले. मासळीचा भाव दिवसभरात उतरतो, म्हणून तो लेटमध्ये ठेवला. कॉन्स्टमध्ये ठेवला असता तर पुन्हा बदलताच आला नसता.

पालकहो, यासाठी क्लासची गरज नाही. घरच्या कॉम्प्युटरवर क्रोम उघडा, एफ१२ दाबा, कन्सोल निवडा, आणि मुलांना घरातल्याच वस्तूंची नावं देऊ द्या.

सध्या आम्ही यादीवर आलो आहोत. चौकटी कंसात बांगडे, पेडवे, सुंगटा लिहिले, तर पहिल्याचा क्रमांक शून्य असतो. मुलीने हे घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईचा निरोप घेऊन आली: "बाईंका विचार, शून्य नंबराचो वाटो कोणाचो?"