राहून गेलेले उत्तर

पवित्र शनिवारच्या रात्री पास्काची मेणबत्ती पेटते, अंधाऱ्या मंदिरात ज्योत हातोहाती पसरत जाते आणि मग पहिले वाचन होते ते उत्पत्तीच्या पुस्तकातले. आकारहीन पृथ्वी, अथांग पाण्यावरचा काळोख, त्यावर परमेश्वराचा श्वास आणि पहिला प्रकाश. वर्षानुवर्षे ऐकूनही त्या शब्दांचे गांभीर्य कमी झालेले नाही. मात्र ते ऐकताना आम्हाला दरवर्षी एक मुलगा आठवतो.

गोष्ट सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची. रविवारी मिस्सानंतर आम्ही सातवीच्या मुलांना धर्मशिक्षण देत असू. सृष्टीच्या निर्मितीचा पाठ चालू असताना एकाने हात वर केला. "सर, शाळेत सांगतात पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची आहे. इथे तुम्ही सांगता सहा दिवस. यातलं खरं कोणतं?" वर्गात हशा पिकला. आम्हाला उत्तर ठाऊक नव्हते आणि ठाऊक नाही हे कबूल करण्याचे धैर्यही नव्हते. "देवाच्या गोष्टीत शंका काढू नये," असे म्हणून आम्ही त्याला खाली बसविले. तो बसला. पुढे वर्षभर वर्गात आला. पण त्याचा हात पुन्हा वर झाला नाही.

काही वर्षांपूर्वी तो आईच्या दफनविधीसाठी परदेशातून आला होता. मंदिराशी त्याचा संबंध केव्हाच सुटला होता. विधी आटोपल्यावर दफनभूमीच्या फाटकापाशी आमची गाठ पडली. जुन्या आठवणी निघाल्या तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, त्या दिवशी 'मला माहीत नाही' एवढं म्हणाला असतात, तरी चाललं असतं." त्याच्या दुराव्याचे कारण आमचे ते एकच वाक्य होते असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यात आमचा वाटा नव्हता असेही म्हणवत नाही.

त्या भेटीनंतर आम्ही वाचू लागलो. पहिला धक्का बसला तो हा, की खडकांच्या थरांवरून पृथ्वीचा भूतकाळ वाचण्याची रीत ज्याने घालून दिली, तो पुढे आपल्याच ख्रिस्तसभेचा बिशप झाला. निकोलस स्टेनो हा मूळचा डेन्मार्कचा शरीरशास्त्रज्ञ. १६६६ मध्ये इटलीत एका प्रचंड शार्क माशाच्या डोक्याचे विच्छेदन करताना त्याच्या ध्यानी आले, की लोक ज्यांना 'जिभेचे दगड' म्हणतात ते वास्तविक शार्कचे दात आहेत. मग समुद्रातले दात डोंगरातल्या खडकात आले कसे? या प्रश्नाचा पाठपुरावा करून १६६९ मध्ये त्याने सिद्धान्त मांडला, की थर एकावर एक साचतात आणि तळाचा थर सर्वांत जुना असतो. दरम्यान १६६७ मध्ये त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. १६७७ मध्ये तो बिशप झाला आणि १९८८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला 'धन्यवादित' घोषित केले. शंका काढणारा मनुष्य वेदीवर पोहोचला होता आणि आम्ही एका मुलाला बाकावरून उठूही दिले नव्हते!

पृथ्वीचे नेमके वय मात्र फार उशिरा कळले. १६५० मध्ये आयर्लंडमधील अँग्लिकन आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधील वंशावळ्या मोजून सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये ठरविला होता. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने उल्कापाषाणांतील शिशाच्या प्रकारांचे प्रमाण तपासले. युरेनियमचे शिसे होण्याची गती ठरलेली असल्याने ते प्रमाण घड्याळासारखे वाचता येते. त्याने काढलेला आकडा जवळजवळ तसाच टिकून आहे: सुमारे ४ अब्ज ५४ कोटी वर्षे.

एवढा काळ मनात मावत नाही. म्हणून आम्ही तो एका वर्षाच्या दिनदर्शिकेवर मांडून पाहिला. १ जानेवारीला पृथ्वी घडली असे धरू. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक सापडले आहेत. त्यांतील सर्वांत जुना ४ अब्ज ४० कोटी वर्षांचा. त्यांतील प्राणवायूच्या प्रकारांवरून तेव्हाही पृथ्वीवर द्रवरूप पाणी असावे असा निष्कर्ष निघतो. ही पाण्याची पहिली साक्ष १२ जानेवारीच्या सुमारास, म्हणजे प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाच्या आसपास येते. त्याच खंडातील पिल्बारा भागात सूक्ष्मजीवांनी रचलेले ३ अब्ज ४८ कोटी वर्षांपूर्वीचे थर आहेत. ते मार्चअखेरीस, मरियेला देवदूताचा निरोप मिळाल्याच्या सणाला लागून येतात. सूक्ष्मजीवांनी सोडलेला प्राणवायू हवेत साठू लागला तो जूनमध्ये, संत योहान बाप्तिस्ताच्या सणाच्या आगेमागे. आपला सह्याद्री ज्या लाव्हाने घडला तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवसाचा. आपल्यासारखा मानव ३१ डिसेंबरच्या रात्री साडेअकराच्या सुमारास प्रकटतो आणि प्रभू येशूचा जन्म होतो तो मध्यरात्रीला अवघे चौदा सेकंद उरले असताना. सणांचा हा मेळ निव्वळ योगायोग आहे, त्यातून काहीही सिद्ध होत नाही. पण तो मांडल्यावर मन भयभीत न होता नम्र झाले, हे खरे.

आता जीवनाच्या उगमाचा प्रश्न. १९५३ मध्ये शिकागो येथे स्टॅन्ली मिलर या तरुण विद्यार्थ्याने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ काचेच्या पात्रात कोंडून त्यांतून विजेच्या ठिणग्या सोडल्या. आठवडाभरात पाण्यात अमिनो आम्ले तयार झाली. जिवंत देहातील प्रथिने ज्या घटकांची बनतात तेच हे घटक. आदिकाळची हवा तशीच नव्हती असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, शिवाय अमिनो आम्लापासून जिवंत पेशीपर्यंतचे अंतर फार मोठे आहे. त्यावर आपल्यातले काहीजण आनंदाने म्हणतात, "पाहा, माणसाला जीव निर्माण करता येत नाही, म्हणून देव आहे!"

वाचकहो, हा युक्तिवाद आम्हीही केला आहे. आज करवत नाही. प्राचीन काळी चिखलातून व कुजलेल्या मांसातून जीव आपोआप उपजतात असे सर्वच मानीत. संत थॉमस अक्वायनस यांनाही ते मान्य होते. त्यामुळे त्यांच्या श्रद्धेला तडा गेला नाही. पुढे अठराव्या शतकात लाझारो स्पालान्झानी या इटालियन धर्मगुरूने मांसरस उकळून, पात्रे बंद करून त्या समजुतीला धक्का दिला आणि १८६२ पर्यंत लुई पाश्चरने ती कायमची मोडली. तेव्हाही श्रद्धा डळमळली नाही. उद्या एखाद्या प्रयोगशाळेत निर्जीव द्रव्यातून जीव साकारला, तर ती का डळमळावी? विज्ञानाच्या अज्ञानात ज्याने आपल्या देवाला बिऱ्हाड करून दिले, त्याच्या देवाला प्रत्येक नव्या शोधाबरोबर जागा रिकामी करावी लागेल.

संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच सृष्टीचे दिवस सूर्याच्या गतीने मोजायचे दिवस नव्हेत असे मानले होते. उत्पत्तीत प्रकाश पहिल्या दिवशी आहे आणि सूर्य चौथ्या. मग पहिल्या तीन दिवसांची सकाळ कोणती? ज्या गोष्टी अश्रद्ध माणसालाही निसर्गाच्या अभ्यासाने ठाऊक आहेत, त्यांविषयी ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राच्या नावाने भलतेच बोलू नये, नाहीतर शास्त्राचेच हसे होते, असा इशाराही त्यांनी दिला होता. पोप पायस बारावे यांनी १९५० च्या विश्वपत्रात, मानवी देह आधीच्या सजीव द्रव्यातून उद्भवला काय याच्या अभ्यासाला वाव दिला. आत्मा मात्र थेट परमेश्वर निर्माण करतो, हे निक्षून सांगितले. ते पत्र आमच्या त्या वर्गाच्या वेळीही उपलब्ध होते. आम्ही ते वाचले नव्हते, एवढेच.

आज त्या मुलाला आम्ही म्हणालो असतो: बाळा, दोन्ही खरे. शाळेतले पुस्तक किती वर्षे झाली आणि कसे घडले ते सांगते. हे पुस्तक सारे कोणाचे आहे आणि ते चांगले आहे, एवढे सांगते. उरलेले आपण दोघे मिळून शोधू.

हा लेख छापून आला की त्याची एक प्रत आम्ही त्याला पाठविणार आहोत. तो मंदिरात परत येईल अशा अपेक्षेने नव्हे. ते परमेश्वराच्या हाती. त्याचा प्रश्न चांगला होता, हे त्याला सांगायचे राहून गेले आहे.