स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन : रोबोटने की हाताने?

"डॉक्टर, रोबोटनं ऑपरेशन केलं तर कॅन्सर पुन्हा होत नाही म्हणे. खरं का?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्या ओपीडीत वरचेवर येऊ लागला आहे. विचारणारी बहुतेक वेळा पेशंट नसतेच. तिचा मुलगा असतो, जावई असतो, नाहीतर पुण्यात कंपनीत कामाला असलेला भाचा असतो. कुणी मोबाईलवर जाहिरात पाहिलेली असते, कुणाला मोठ्या रुग्णालयात खर्चाचा कागद मिळालेला असतो.

मी सर्जन नाही, फिजिशियन आहे. पण अकोले तालुक्यात स्तनाच्या कर्करोगाची पेशंट आमच्याकडे दोनदा येते. पहिल्यांदा गाठ दाखवायला, आणि दुसऱ्यांदा नाशिक, पुणे किंवा लोणीहून जाडजूड फाइल घेऊन, "आता काय करू ते तुम्हीच सांगा" असे म्हणत. त्या दुसऱ्या भेटीत जे सांगावे लागते, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी रोबोट म्हणजे काय ते पाहू

अनेकांना वाटते की यंत्र आपोआप ऑपरेशन करते. तसे नसते. सर्जन त्याच थिएटरमध्ये थोड्या अंतरावर एका कन्सोलसमोर बसतो. पेशंटच्या शरीरात लहान छिद्रांतून कॅमेरा आणि बारीक अवजारे घातलेली असतात. सर्जन हात हलवील तशी ती अवजारे हलतात. त्याला आतला भाग मोठा आणि त्रिमितीय दिसतो, अवजारे मनगटासारखी वळतात, हाताचा बारीक कंपही गाळला जातो. थोडक्यात, ही फार चांगली अवजारे आहेत. ऑपरेशन माणूसच करतो.

प्रोस्टेट, गुदाशय असे अवयव ओटीपोटात खोल, हाडांच्या बेचक्यात असतात. तिथे सर्जनचा हात नीट पोचत नाही, म्हणून या अवजारांचा उपयोग पटकन लक्षात येतो. ओपन ऑपरेशनमध्ये पोटावर मोठा छेद घ्यावा लागतो. तो टळला की दुखणे कमी होते आणि पेशंट लवकर घरी जातो.

स्तन मात्र शरीराच्या बाहेरच्या बाजूला आहे. त्याच्यापर्यंत पोचायला ना पोट उघडावे लागते, ना छाती. नेहमीच्या ओपन ऑपरेशनमध्येही छेद फक्त कातडीला असतो. बहुतेक पेशंट दुसऱ्या दिवशी चालत-फिरत, जेवत असतात. म्हणून पोटाच्या ऑपरेशनात रोबोटचा जो मोठा फायदा असतो, तो इथे मुळातच कमी आहे.

ओपन ऑपरेशन जुने राहिलेले नाही

"पारंपरिक" म्हटले की लोकांना वाटते, पूर्वी करायचे तेच आजही करतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील सर्जन विल्यम हाल्स्टेड यांनी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी असे सगळे एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. जितके जास्त कापू तितका कॅन्सर मुळापासून जाईल, असा त्यामागचा विचार होता. कित्येक दशके तो तसाच चालला. बाया वाचल्या तरी खांदा आखडायचा, हात सुजायचा, छातीच्या बरगड्या दिसायच्या.

मग दोन सर्जननी हा विचार तपासून पाहिला. इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ स्त्रियांचा आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून १८०० हून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. काहींचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून रेडिएशन दिले. वीस वर्षांचे निकाल २००२ साली आले. दोन्ही प्रकारांत जगण्याचे प्रमाण सारखेच होते. फिशर यांच्या अभ्यासात गाठ काढून रेडिएशन दिलेल्यांपैकी १४ टक्क्यांना त्याच स्तनात पुन्हा आजार झाला, रेडिएशन न दिलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. म्हणजे स्तन वाचवायचा असेल तर रेडिएशन टाळून चालत नाही.

आजचे ओपन ऑपरेशन या अभ्यासांतून घडलेले आहे. गाठ लहान असेल तर स्तन वाचवता येतो. काखेतील सगळ्या ग्रंथी न काढता निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून पहिल्या एक-दोन ग्रंथी शोधून तपासता येतात. याला सेंटिनेल नोड बायोप्सी म्हणतात. यासाठी लागतो तो सरावलेला सर्जन आणि चांगला पॅथॉलॉजिस्ट. रोबोट असलाच पाहिजे असे यात काही नाही.

मग स्तनात रोबोट वापरतात तो कशासाठी?

मुख्यतः एका ठरावीक ऑपरेशनसाठी. स्तनाची कातडी आणि स्तनाग्र तसेच ठेवून आतला सगळा भाग काढायचा आणि तिथे इम्प्लांट बसवायचे. रोबोटने हे काखेजवळच्या लहान छेदातून करता येते, त्यामुळे स्तनावर व्रण दिसत नाही. मिलानच्या डॉ. अँतोनियो तोएस्का यांनी २०१५ मध्ये या पद्धतीचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. पुढे त्यांनीच ८० स्त्रियांमध्ये ओपन आणि रोबोटिक यांची थेट तुलना केली. रोबोटिक ऑपरेशनला सव्वा तासाहून जास्त वेळ लागला. गुंतागुंत दोन्हीकडे सारखीच होती. आपल्या शरीराबद्दलचे समाधान मात्र रोबोटच्या गटात जास्त होते.

हा फायदा मी हलका मानत नाही. तिशी-चाळिशीतल्या बाईला आरशात स्वतःकडे बघवत नाही, तेव्हा तिचे दुःख खरेच असते. पण हा फायदा दिसण्याचा आहे, आयुष्य वाढण्याचा नाही. शिवाय मोठी गाठ, कातडीपर्यंत पोचलेला आजार, स्तनाग्राजवळचा आजार असेल तर कातडी आणि स्तनाग्र ठेवणारे हे ऑपरेशन सहसा करता येत नाही. आणि आमच्याकडच्या बऱ्याच बाया उशिराच येतात.

"कॅन्सर पुन्हा होत नाही" या दाव्याचे काय? दहा वर्षांपूर्वी सुरू झालेल्या पद्धतीकडे वेरोनेसी आणि फिशर यांच्यासारखा वीस वर्षांचा हिशेब असणे शक्यच नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच कारणाने इशारा दिला होता, की स्तन काढण्यासाठी आणि कर्करोगाच्या उपचारासाठी रोबोटची सुरक्षितता व परिणामकारकता सिद्ध झालेली नाही. हा इशारा उगाच नव्हता. २०१८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक मोठा अभ्यास आला होता. लहान छेदाचे ऑपरेशन चांगलेच असणार, असे सगळे धरून चालले होते. पण साडेचार वर्षांनंतर ओपन ऑपरेशन झालेल्या ९६.५ टक्के स्त्रिया आजारमुक्त होत्या, तर दुर्बिणीने किंवा रोबोटने झालेल्या ८६ टक्के. स्तनातही असेच होईल असे मी म्हणत नाही. मोजून पाहिल्याशिवाय लहान छेदाला चांगला म्हणू नये, एवढेच त्यातून घ्यायचे.

अर्धा एकर आणि आवणी

तपशील थोडे बदलून एक प्रसंग सांगतो. तालुक्याच्या पश्चिमेकडची, भातशेती करणारी, पन्नाशी ओलांडलेली एक बाई. स्तनात गाठ, काखेतही गाठ. बायोप्सी झालेली. मुलाच्या हातात दोन कागद होते, एक नेहमीच्या ऑपरेशनचा, दुसरा रोबोटचा. तो म्हणाला, "साहेब, रस्त्याकडंचं अर्धा एकर काढतो. पण आईचं चांगलंच करायचं."

मी बाईंना विचारले, "मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला आवणीला हात चालंल का, तेवढं सांगा."

सगळ्या फाइलीत हा प्रश्न कुठे नव्हता. आणि त्याचे उत्तर कोणत्या यंत्राने ऑपरेशन होते यापेक्षा काखेतील किती ग्रंथी काढाव्या लागतात, काखेला रेडिएशन लागते का आणि ऑपरेशननंतर खांद्याचा व्यायाम होतो का, यावर जास्त अवलंबून असते. भिंतीवर बोटे चढवत हात वर न्यायचा व्यायाम सर्जन सांगेल तेव्हापासून रोज केला, तर खांदा आखडण्याचे प्रमाण बरेच कमी होते. हातावर सूज येऊ लागली की लगेच दाखवले, तर ती आटोक्यात ठेवता येते.

मुलाला मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. आधी केमो, मग ऑपरेशन. मग रेडिएशन, सहसा आठवड्यातून पाच दिवस, सुमारे तीन आठवडे. गावाहून रोज जाऊन-येऊन ते होणार नाही, म्हणजे शहरात राहण्याची सोय हवी, सोबत एक माणूस हवे, त्याची मजुरी बुडणार. त्यांच्या रिपोर्टप्रमाणे हार्मोनची गोळीही लागणार होती. ती रोज, पाच वर्षे किंवा अधिक. जमीन विकून आलेला पैसा ऑपरेशनच्या दिवशीच संपला, तर रेडिएशनच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घरी कोण आणेल? उपचार अर्धवट सोडलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांचे ऑपरेशन उत्तम झालेले होते.

त्या बाईंचे ओपन ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले. या योजनेत अंगीकृत रुग्णालयांत कर्करोगाचे ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी भेटा आणि मगच जमिनीचा विचार करा, असे मी प्रत्येकाला सांगतो. मुलाने अर्धा एकर विकले नाही. त्या पावसाळ्यात बाई चिखलात उतरल्या नाहीत, बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधून देत होत्या. पुढच्या वर्षी उतरल्या.

आयुष्य वाढवणारे एक स्वस्त इंजेक्शन

ऑपरेशनच्या पद्धतीत थोडा बदल केल्याने जगण्याचे प्रमाण वाढू शकते का? वाढू शकते, असे मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. भारतातील ११ केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांचा हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या, आधी केमो न घेतलेल्या या स्त्रिया होत्या. निम्म्या जणींना गाठ काढण्याआधी ७ ते १० मिनिटे गाठीभोवती लिडोकेनचे इंजेक्शन दिले. दात काढताना हिरडीत देतात तीच ही भूल. बाकी ऑपरेशन नेहमीचे. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्या गटातील ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न दिलेल्यांतील ८६.४ टक्के. म्हणजे शंभरांमागे जवळजवळ चार जणी जास्त. हा एकच अभ्यास असला तरी मोठा आणि काटेकोर आहे, आणि औषधाचा खर्च शंभर-दीडशे रुपयांच्या घरातला. त्याची जाहिरात मात्र कुणाच्या मोबाईलवर येत नाही.

सर्जनला हे विचारा

१. जाड सुईची बायोप्सी झाली का? ईआर, पीआर आणि हर-टू यांचे रिपोर्ट आले का? हे नसताना कुणी "आधी गाठ काढून टाकू" म्हणाले तर थांबा.

२. आजार कोणत्या टप्प्यात आहे? केमो आधी की नंतर?

३. स्तन वाचवता येईल का? रेडिएशन कुठे आणि किती दिवस?

४. काखेतील पहिल्या ग्रंथी तपासून भागेल, की सगळ्या काढाव्या लागतील?

५. गाठीभोवती लिडोकेन देता येईल का?

६. रोबोट सुचवत असाल तर माझ्या आजारात त्याने नेमका काय फायदा होईल? तुम्ही स्वतः स्तनाची अशी किती ऑपरेशन्स केली आहेत? खर्चात फरक किती?

सहाव्या प्रश्नाचे उत्तर "व्रण दिसणार नाही" असे आले, तुमचा आजार त्या ऑपरेशनला योग्य असला, हात सरावलेला असला आणि पैशाची ओढाताण नसली, तर रोबोट जरूर निवडा. त्यात गैर काही नाही. उत्तर "कॅन्सर परत येणार नाही" असे आले, तर दुसऱ्या सर्जनचे मत घ्या.

गाठ लवकर सापडावी म्हणून

मुंबईत टाटाचे डॉ. इंद्रनील मित्रा यांनी १९९८ पासून वीस वर्षे दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या भागात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याखालच्या वयात मृत्यू कमी झाले नाहीत, पण आजार आधीच्या टप्प्यात सापडू लागला. हाताने केलेली तपासणी आपल्या आरोग्य केंद्रातही होऊ शकते.

स्तनात किंवा काखेत नवी गाठ लागली, कातडी ओढली गेली, स्तनाग्र आत वळले किंवा त्यातून रक्त आले, तर त्याच आठवड्यात दाखवा. "दुखत नाही, मग कशाला?" असे म्हणून सहा महिने काढू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. पुरुष डॉक्टरकडे संकोच वाटत असेल तर आरोग्य केंद्रातील सिस्टरना किंवा लेडी डॉक्टरना दाखवा. गाठ सुपारीएवढी असताना आलात, तर स्तन वाचवण्याबद्दल बोलता येते. लिंबाएवढी झाल्यावर ते बोलणे अवघड होते.